घास आणि श्वास

शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात घशाची आकृती असते. पुढे श्वासनलिका, मागे अन्ननलिका आणि श्वासनलिकेच्या तोंडाशी पानासारखी एक झडप. आपण गिळतो तेव्हा ही झडप खाली येते, श्वासाची वाट झाकली जाते आणि घास मागच्या नळीत उतरतो, असं त्याखाली लिहिलेलं असतं. यातलं काही खोटं नाही. पण एवढंच डोक्यात राहिलं की ते झाकण कायम आपोआप पडणारच, अशी खात्री वाटायला लागते. पक्षाघात झालेल्या वडिलांना झोपल्याजागी चमच्याने पाणी पाजणाऱ्या मुलाला तीच खात्री असते, आणि रडणाऱ्या बाळाच्या तोंडात बोंडल्याने दूध सोडणाऱ्या आजीलाही. घसा या दोन वाटा मुख्यतः झाकणाने वेगळ्या ठेवत नाही, तो त्या वेळेने वेगळ्या ठेवतो. जागा एकच, पाळी मात्र वेगवेगळी. ही पाळी कशी लावली जाते, ती अशी का आली आणि चुकली तर काय होतं, याबद्दल गेल्या दोनशे वर्षांत बरंच कळलं आहे. त्यातलं फारच थोडं आपल्या घरांपर्यंत पोहोचलं आहे.

आधी जागा नीट पाहू. नाकाची पोकळी वर आणि मागे उघडते, तोंड खाली आणि पुढे. नळ्यांचा क्रम नेमका उलटा आहे. श्वासनलिका पुढे, अन्ननलिका मागे, मणक्यांना लागून. त्यामुळे हवेला मागून पुढे यावं लागतं आणि अन्नाला पुढून मागे जावं लागतं. दोघांची वाट घशाच्या पोकळीत, म्हणजे ग्रसनीत, एकमेकींना छेदते. तिथे मधली भिंत नाही.

आता मानेवर कंठमण्याशी बोट टेकवून एक आवंढा गिळून पाहा. बायकांच्या गळ्यात तो उंचवटा दिसत नसला तरी बोटाला लागतो. गिळताक्षणी तो झटक्यात वर सरकतो, थोडा पुढे झेपावतो आणि परत जागेवर येतो. हा कंठमणी म्हणजे स्वरयंत्राची पुढची कड. हनुवटीच्या खाली हायॉइड नावाचं घोड्याच्या नालाच्या आकाराचं एक हाड आहे. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाशी त्याचा सांधा नाही, ते स्नायूंवर आणि स्नायुबंधांवर तोललेलं असतं. गिळताना जिभेखालचे स्नायू या हाडाला वर आणि पुढे ओढतात आणि त्याला बांधलेलं स्वरयंत्र सुमारे 2 सेंटिमीटर वर जाऊन जिभेच्या मुळाखाली लपतं. श्वासनलिका घासाच्या वाटेतून शब्दशः बाजूला काढली जाते.

एपिग्लॉटिस नावाची ती पुस्तकातली झडप याच ओढीने उलटी होते. वरून जिभेचं मूळ मागे रेटतं, खालून स्वरयंत्र वर येतं आणि मधली कूर्चा आडवी पडते. खरी राखण आत होते. दोन्ही स्वररज्जू एकमेकींना भिडतात, त्यांच्या वरच्या घड्या मिटतात आणि मागच्या दोन लहान कूर्चा पुढे झुकून एपिग्लॉटिसच्या बुडाशी टेकतात. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रांस्वा माजांदी याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच कुत्र्यांची एपिग्लॉटिस काढून पाहिली होती, आणि ती कुत्री तरीही गिळत होती. आज कर्करोगामुळे तेवढाच भाग काढावा लागलेले बरेच रुग्ण काही आठवड्यांच्या सरावाने नीट जेवू लागतात. उलट स्वररज्जू मिटेनाशा झाल्या किंवा स्वरयंत्र वर उचललं जाईनासं झालं, तर शाबूत एपिग्लॉटिसचा फारसा उपयोग होत नाही.

या सगळ्यात मला सर्वांत विलक्षण वाटतं ते अन्ननलिकेचं तोंड. ते एरवी घट्ट मिटलेलं असतं, नाहीतर प्रत्येक श्वासाबरोबर पोटात हवा भरली असती. गिळताना तिथला स्नायू सैल पडतो, पण नुसतं सैल पडून ते उघडत नाही. स्वरयंत्र वर आणि पुढे जातं तेव्हा त्याच्या पाठीला जोडलेलं हे तोंडही ताणून उघडलं जातं. पुढचं दार मिटवणारी आणि मागचं उघडणारी हालचाल एकच आहे. त्याच वेळी मऊ टाळू पडजिभेसकट वर उचलला जाऊन नाकाची बाजू बंद करतो. पाणी पिताना हसू फुटलं की ते नाकातून येतं, कारण हसण्याच्या झटक्यात ही बाजू उघडी राहते. घशातला हा सारा प्रकार एका सेकंदाच्या आत आटोपतो. आपण दिवसाला 500 ते 1,000 वेळा गिळतो, त्यातलं बहुतेक नुसती लाळ.

या एका सेकंदात श्वास थांबलेला असतो, आणि तो कुठे थांबतो याला फार महत्त्व आहे. निरोगी माणूस बहुतेक वेळा उच्छ्वास चालू असताना मध्येच गिळतो आणि गिळून झाल्यावर उरलेली हवा बाहेर सोडतो. घशात एखादा कण किंवा थेंब मागे राहिला असेल तर ती हवा त्याला बाहेरच ढकलते. गिळल्याबरोबर श्वास आत घेतला असता, तर तोच थेंब फुप्फुसाकडे ओढला गेला असता. अमेरिकेतल्या बॉनी मार्टिन-हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या क्रमाचा बारकाईने अभ्यास केला. डोक्या-मानेच्या कर्करोगानंतर ज्यांचा हा क्रम बिघडला होता, त्यांना तो पुन्हा शिकवताही येतो, असं त्यांच्या पुढच्या कामातून दिसलं. जेवताना बोलू नये, हसू नये असं आपल्याकडे पानावर बसल्या बसल्या सांगतात ते याच अर्थाने योग्य आहे. मोठ्याने हसून झालं की माणूस खोल श्वास आत खेचतो, आणि घास तेव्हा तोंडातच असतो.

ही पाळी लावणारी केंद्रं मेंदूच्या तळाशी, मस्तिष्कपुच्छात आहेत, श्वासाच्या केंद्रांना अगदी खेटून. गिळायला सुरुवात आपण ठरवून करू शकतो. घास घशात उतरला की मात्र पुढचा क्रम आपल्या हातात राहत नाही. पण या केंद्रांना घशातून खबर पोहोचावी लागते. घास आला, किती आला, घट्ट की पातळ, हे घशातले आणि स्वरयंत्रातले चेतातंतू कळवतात. एंडोस्कोपीसाठी घशात बधिरीकरणाचा फवारा मारला की नंतर काही काळ पाणीसुद्धा घेऊ नका, असं सांगतात ते म्हणूनच. स्नायू शाबूत असतात, खबर मात्र पोहोचत नसते.

अशी धोक्याची मांडणी आलीच कशी? डार्विनने 1859 च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथात या विचित्र गोष्टीची दखल घेतली होती. अन्नाचा प्रत्येक कण श्वासनलिकेच्या तोंडावरून जातो हे त्याला खटकलं, आणि फुप्फुसाचा उगम माशांच्या हवेच्या पिशवीशी जोडून पाहिला तर त्याचा उलगडा होतो, असं त्याने मांडलं. पिशवीतून फुप्फुस झालं हा त्याचा तपशील आज उलटा मानला जातो, पण रोख बरोबर होता. फुप्फुसं ही अन्नमार्गाच्या पोटाकडच्या बाजूने फुटलेली शाखा आहे. मानवी गर्भातही चौथ्या आठवड्यात तेच घडतं. आद्य अन्ननळीच्या पुढच्या बाजूला एक कोंब फुटतो, मग मध्ये पडदा तयार होऊन श्वासनलिका सुटी होते. साधारण 3,000 ते 4,000 जन्मांमागे एका बाळात हे काम अर्धवट राहतं आणि दोन नळ्या जोडलेल्याच राहतात. मग पहिल्याच काही दिवसांत शस्त्रक्रिया करावी लागते.

व्हिक्टर निगस या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने 1929 मध्ये निरनिराळ्या प्राण्यांच्या स्वरयंत्रांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वरयंत्र आवाजासाठी घडलंच नाही, हे त्याचं सांगणं आजही टिकून आहे. फुप्फुस असलेल्या माशांत ते घशाच्या तळाशी एक चीर आणि तिला आवळणारा स्नायू एवढंच असतं. काम एकच, पाणी आत येऊ द्यायचं नाही. आवाज फार पुढची गोष्ट. प्रत्येक प्राण्याने हा प्रश्न आपापल्या परीने सोडवला आहे. साप भक्ष्य गिळत असताना श्वासनलिकेचं तोंड पुढे, जबड्याच्या कडेपर्यंत आणतो. डॉल्फिनचं स्वरयंत्र लांब चोचीसारखं वर जाऊन नाकाच्या वाटेतच घट्ट बसलेलं असतं. फिन व्हेल एका झेपेत प्रचंड पाणी तोंडात घेतो. त्याच्या तोंडाच्या मागे मांसल बुच असतं, हे 2022 साली कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं. कीटकांना ही कटकट मुळातच नाही. त्यांचा श्वास अंगावरच्या छिद्रांतून चालतो.

माणसाच्या बाबतीत एक कथा फार लोकप्रिय झाली. फिलिप लीबरमन यांनी 1969 नंतर असं मांडलं की बोलता यावं म्हणून आपलं स्वरयंत्र मानेत खाली उतरलं आणि त्या बदल्यात घास अडकून मरण्याचा धोका आपण पत्करला. निअँडरथल माणसाला आपल्यासारखे स्वर काढता येत नसावेत, हेही त्यात आलं. ही कथा सांगायला इतकी सोयीची आहे की अजूनही ती सिद्ध झालेली असल्यासारखी सांगितली जाते. पण 2001 मध्ये टेकमसे फिच आणि डेव्हिड रेबी यांनी तांबड्या हरणाच्या नराचं स्वरयंत्रही खाली असतं आणि ओरडताना तो ते आणखी खाली ओढतो, हे दाखवलं. हरीण काही बोलत नाही. चिंपांझीच्या पिलांतही स्वरयंत्र काही प्रमाणात खाली उतरतं, हे जपानमधल्या अभ्यासात दिसलं. पुढे 2016 मध्ये माकडांच्या घशाच्या क्ष-किरण चित्रणावरून असं निघालं की त्यांच्या घशाची घडण बोलण्याला पुरेशी आहे, कमी पडतो तो मेंदू. माझ्या मते लीबरमन यांच्या कथेतला एवढाच भाग ठेवण्याजोगा आहे की स्वरयंत्र खाली गेल्यामुळे आपल्या घशातली सामाईक जागा लांबली आणि वेळ साधणं अधिक काटेकोर झालं. वाटा छेदल्या गेल्या त्या बोलण्याच्या कोट्यवधी वर्षं आधी.

तान्ह्या बाळाबद्दलही अशीच एक अर्धी गोष्ट प्रचलित आहे. त्याचं स्वरयंत्र खूप वर असतं, एपिग्लॉटिस जवळजवळ मऊ टाळूला टेकते, म्हणून बाळ एकाच वेळी दूध पितं आणि श्वासही घेतं, असं म्हणतात. चोखताना नाकाने श्वास चालू राहतो हे खरं, पण प्रत्येक घोटाच्या क्षणी बाळाचाही श्वास थांबतो. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा हा मेळ गर्भावस्थेच्या साधारण 34 व्या आठवड्याच्या सुमारास जमू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळांना नळीने दूध द्यावं लागतं ते बऱ्याचदा याचसाठी. बाळ स्वतः चोखतं तेव्हा वेग त्याच्या ताब्यात असतो. बोंडल्याने ओतताना तो आपल्या ताब्यात जातो.

आंघोळीच्या वेळी बाळाच्या नाकात तेल सोडण्याची चाल महाराष्ट्रात अजून आहे. ती बंद व्हावी असं मला अगदी मनापासून वाटतं. पाणी स्वरयंत्राला लागलं तर खोकला उठतो. तेल मऊ, गुळगुळीत, न टोचणारं. ते राखणदाराला जागं न करता खाली उतरतं आणि फुप्फुसात साचतं. त्यातून होणाऱ्या न्यूमोनियाच्या नोंदी भारतातल्या बालरोगतज्ज्ञांनी वेळोवेळी केल्या आहेत.

थोड्या मोठ्या मुलांत वैरी असतो तो शेंगदाणा. दाढा आलेल्या नसतात, मूल पळता पळता खातं, मध्येच हसतं किंवा रडतं, आणि अख्खा दाणा आत ओढला जातो. सीताफळाच्या बिया, फुटाणे, सुपारीचे तुकडे त्याच यादीतले. दाणा बहुधा उजव्या बाजूला जातो, कारण उजवी श्वासवाहिनी रुंद आणि सरळ खाली उतरणारी असते. फसवणूक पुढे होते. पहिला जोरदार ठसका काही मिनिटांत थांबतो आणि घरच्यांना हायसं वाटतं. दाणा क्ष-किरणात दिसत नाही. मग आठवड्यांनी मूल ‘दमा’ म्हणून किंवा पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया म्हणून डॉक्टरांकडे येतं. अशा वेळी ‘खाताना ठसका लागला होता का?’ हा एक प्रश्न साऱ्या तपासण्यांहून मोलाचा ठरतो. दुर्बिणीने श्वासवाहिनीतली वस्तू काढण्याची वाट जर्मनीत गुस्टाफ किलियान याने 1897 साली एक हाडाचा तुकडा काढून दाखवली. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे देऊच नयेत, कूट द्यावं.

ठसका लागला की आपल्याकडे ‘वर बघ, वर बघ’ म्हणत डोक्यावर थापटतात. त्याचा उपयोग नाही. मान मागे गेल्याने वाट उलट जास्त उघडी पडते. जोपर्यंत माणूस खोकतोय, आवाज निघतोय, तोपर्यंत हवा जाते आहे, त्याला खोकू द्यावं. आवाजच बंद झाला, हात गळ्याकडे गेले, ओठ काळेनिळे पडू लागले, तर त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये 5 जोरकस थापा आणि मग पाठीमागून कवळ घालून बेंबीच्या वर आत आणि वरच्या दिशेने 5 धक्के, असं आलटून पालटून करायचं असतं. हे धक्के हेन्री हाइमलिक यांनी 1974 मध्ये सुचवले. एक वर्षाखालच्या बाळाचं पोट दाबायचं नाही, त्याच्या छातीवर 5 दाब द्यायचे. दिसत नसलेली वस्तू बोट घालून शोधायची नाही.

पण माणसं मोठ्या संख्येने दगावतात ती अशा नाट्यमय प्रसंगांत नव्हे. पक्षाघातानंतर पहिल्या काही दिवसांत निम्म्याच्या आसपास रुग्णांचं गिळणं बिघडलेलं असतं. पार्किन्सन्स आणि स्मृतिभ्रंशात ते हळूहळू बिघडतं. त्यातल्या काहींना अन्न श्वासनलिकेत गेलं तरी ठसकाच लागत नाही, कारण खबर देणारी संवेदनाच मंदावलेली असते. घरच्यांना वाटतं, छान जेवले, एकदाही खोकले नाहीत. आठ दिवसांनी ताप येतो. पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा, ओलसर होणं ही त्यातली हाताशी असलेली खूण आहे, कारण पाणी स्वररज्जूंवर साचलेलं असतं. पक्कं निदान करण्यासाठी बेरियम मिसळलेला घास गिळताना क्ष-किरणाची चलत्‌चित्रं घेतात. ही पद्धत जेरी लोगमन यांनी रुजवली. दुसरी पद्धत सुझन लँगमोर यांनी 1988 मध्ये मांडली, नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळणं वरून पाहण्याची. आपल्याकडे मोठ्या रुग्णालयांत दोन्ही होतात आणि वाचा-उपचारतज्ज्ञ गिळण्याचेही व्यायाम शिकवतात. तरी बहुतेक कुटुंबांना रुग्णालयातून निघताना गोळ्यांची यादी मिळते, भरवायचं कसं हे कुणी सांगत नाही.

अशा घशाला सर्वांत अवघड काय? साधं पाणी. ते इतक्या वेगाने घसरतं की मंदावलेला घसा मिटायच्या आत ते स्वरयंत्राशी पोहोचलेलं असतं. म्हणून द्रव दाट करून देण्याची रीत पडली. दाटपणा सगळीकडे सारखा मोजता यावा म्हणून 0 ते 7 अशी एक आंतरराष्ट्रीय श्रेणी आहे. तिची चाचणी घरीही होते. 10 मिलीची सुई नसलेली सिरिंज खालचं तोंड बोटाने दाबून द्रवाने भरायची, मग बोट काढायचं आणि 10 सेकंदांनी किती उरलं ते पाहायचं. 1 ते 4 मिली उरलं तर किंचित दाट, 4 ते 8 तर थोडं दाट, 8 च्या वर तर मध्यम. पेज, सूप, ताक यांचा अंदाज त्यावरून येतो. तोंडात सुटा होणारा शेव-चिवडा आणि पातळ आमटीत तरंगणारे पोळीचे तुकडे हे दोन्ही वाईट. दुसऱ्या प्रकारात पाणी आधी निसटतं आणि पोळी मागे राहते.

मात्र दाट पाण्यावर फार भिस्त ठेवू नये, असं आता म्हणावं लागतं. स्मृतिभ्रंश किंवा पार्किन्सन्सच्या 515 रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. हनुवटी खाली करून साधं पाणी पिणारे आणि दाट द्रव घेणारे यांच्यात तीन महिन्यांतल्या न्यूमोनियाचं प्रमाण लक्षणीय वेगळं निघालं नाही. दाट पाणी लोकांना आवडत नाही, ते कमी पितात आणि शरीर कोरडं पडतं, हा तोटा वेगळाच. याउलट जपानमधल्या वृद्धाश्रमांत झालेला आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अभ्यास पाहावा. जेवणानंतर वृद्धांचे दात आणि तोंड नेमाने स्वच्छ करणाऱ्या गटात दोन वर्षांत 11 टक्क्यांना न्यूमोनिया झाला, दुसऱ्या गटात 19 टक्क्यांना. थोडी लाळ फुप्फुसात जाणारच असेल, तर ती निदान घाण तरी नसावी. ब्रशला आणि ओल्या फडक्याला पैसे लागत नाहीत. रुग्णाला ताठ बसवणं, पूर्ण जागा असल्याशिवाय न भरवणं, आधीचा घास उतरल्यावरच पुढचा देणं, जेवणानंतर अर्धा तास आडवं न करणं, यालाही लागत नाहीत.

दोन वाटा कायमच्या वेगळ्या करण्याचा एक मार्ग शल्यचिकित्सेकडे आहे. 1873 मध्ये व्हिएन्नात टेओडोर बिलरोट याने कर्करोगासाठी अख्खं स्वरयंत्र काढलं. विडी-तंबाखूचं प्रमाण पाहता ही शस्त्रक्रिया महाराष्ट्रात अजूनही वारंवार करावी लागते. तिच्यानंतर श्वासनलिकेचं तोंड मानेच्या पुढच्या बाजूला कातडीला शिवतात आणि तोंडातून गेलेलं सगळं थेट अन्ननलिकेत उतरतं. घास श्वासात जाण्याची भीतीच उरत नाही. जातो तो आवाज. नाकातून हवा जात नसल्याने वासही जातो. श्वास कोंडून जोर लावता येत नाही, त्यामुळे जड उचलणं अवघड होतं. आंघोळीचं पाणी मानेतल्या भोकात जाऊ नये म्हणून जपावं लागतं. अशा माणसाला कृत्रिम श्वास द्यायची वेळ आली, तर तो मानेतूनच द्यावा लागतो. तोंडातून दिलेली हवा त्याच्या फुप्फुसात पोहोचत नाही.

आवाज परत मिळवण्यासाठी एरिक ब्लॉम आणि मार्क सिंगर यांनी 1980 च्या सुमारास जी युक्ती काढली, ती या विषयात सर्वांत विचार करायला लावणारी आहे. वेगळ्या केलेल्या दोन नळ्यांच्या मधल्या भिंतीला त्यांनी पुन्हा एक छिद्र पाडलं आणि त्यात एकाच दिशेने उघडणारा छोटा सिलिकॉनचा व्हॉल्व बसवला. मानेतलं भोक बोटाने दाबून उच्छ्वास सोडला की हवा व्हॉल्वमधून अन्ननलिकेत जाते, तिथली भिंत थरथरते आणि बोलणं उमटतं. या व्हॉल्ववर बुरशी वाढते, काही महिन्यांत तो नीट मिटेनासा होतो आणि चहाचा घोट त्यातून श्वासनलिकेत झिरपू लागतो. मग रुग्णाला पुन्हा ठसका लागतो आणि व्हॉल्व बदलावा लागतो. परदेशी व्हॉल्वची किंमत दर वेळी हजारोंत जाते, म्हणून अनेक जण बदलण्याची वेळ उलटल्यावर बोलणंच सोडून देतात. बंगळुरूचे कर्करोग शल्यचिकित्सक डॉ. विशाल राव यांनी सुमारे 50 रुपयांत पडेल असा व्हॉल्व तयार केला तो अशा माणसांसाठी.